सातवीची पालकसभा: 'तुम्ही काय करायचं बंद करा' (कोल्हापूरकर पालकांनी जरूर लिहा)

दुपारचा_डबा
15 फेब्रुवारी 2025, रात्री 10:20

आज लेकाच्या शाळेत सातवीची पालकसभा होती. शाळेचं नाव लिहीत नाही, निरोपातूनही विचारू नका. शहरातलीच आहे, अनुदानित, मराठी माध्यम, सेमी. दोन तास पोरांच्या बाकावर बसून आले. पाय आखडलेत आणि डोकं भणभणतंय.

फेब्रुवारीतली सभा एरवी ठरलेली असते. पोर्शन किती राहिला, परीक्षा कधी, निकाल 1 मेलाच का, संमेलनाच्या फोटोंचे पैसे कुणाचे राहिलेत. बाईंनी आज हे सगळं दहा मिनिटांत उरकलं आणि म्हणाल्या, "पोरं आता आठवीत चालली. आजवर आम्ही सांगत आलो, मुलांकडून काय काय करून घ्या. आज सांगणार आहे, तुम्ही काय करायचं बंद करा."

मग एकेक सुरू झालं. 1 मार्चपासून वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गृहपाठ टाकणार नाहीत. मुलं तो डायरीत उतरवून आणतील. नाही आणला तर दुसऱ्या दिवशी बाई आणि ते मूल बघून घेतील, आपण मध्ये पडायचं नाही. डायरीवर आपली सही फक्त शनिवारी. विसरलेला डबा, वही, कंपासपेटी घेऊन गेटवर यायचं नाही. प्रकल्प मुलाच्याच हातचा हवा, वाकडा असला तरी चालेल. आठवीला हिंदी, संस्कृत की संयुक्त हे मुलाशी बोलून ठरवायचं आणि फॉर्म 15 मार्चपर्यंत द्यायचा. परीक्षा संपेपर्यंत गावाला, देवाला, लग्नाला म्हणून दांडी नाही. आणि क्लासला जायला पोराच्या हातात मोपेड द्यायची नाही. (इथं मागच्या बाकावरचे तीन-चार बाप एकदम मोबाईलमध्ये बघायला लागले.)

प्रकल्पाचं बोलताना बाईंनी नाव घेतलं नाही, पण बघितलं माझ्याकडंच. सातवीला इतिहासात मध्ययुगीन भारत आहे, म्हणून जानेवारीत पन्हाळ्याची प्रतिकृती करायला दिली होती. लेक दोन दिवस नुसते पुठ्ठे गोळा करत फिरला. जमा करायच्या आदल्या रात्री नऊला पाहते तर हा गाढ झोपलेला. मग मी बसले. बुटाचा खोका, महाद्वार रोडवरून आणलेले चार्ट पेपर, फेव्हिकॉल. तीन दरवाजाच्या कमानी कापता कापता कटर अंगठ्यात घुसला. तटाला मातीचा रंग येईना, तेव्हा चहाचा चोथा तव्यावर परतून वाळवला आणि तो चिकटवला. पावणेदोनला काम झालं. इतकं झकास झालं होतं की नवऱ्याला उठवून दाखवलं. तो म्हणाला, "छान," आणि कूस बदलली.

वर्गात बाईंनी लेकाला विचारलं, "अंधारबाव म्हणजे काय रे?" लेक म्हणाला, "ते आईला माहितेय."

10 पैकी 8 मिळाले. ते 8 कुणाचे, असं बाई आज सभेत म्हणाल्या. मला खरं तर उरलेले 2 कुठं गेले हा प्रश्न पडलाय, पण तिथं विचारायची सोय नव्हती.

तुमच्या शाळांतून असं काही सुरू झालंय का? आणि मुख्य म्हणजे, जमतं का?

---

पेठेतला_गोली
15 फेब्रुवारी, रात्री 10:41

बाईंचा पत्ता द्या, नारळ घेऊन येतो.

आमची सहावीत. आज संध्याकाळी ग्रुपवर 'उद्या पीटीचा ड्रेस का रेग्युलर' यावर 63 मेसेज. एकानं फोटो टाकला, एकीनं 'माझा म्हणतोय रेग्युलर', एकानं नुसताच अंगठा. शेवटी पोरगी आतून वरडली, पप्पा उद्या रविवार हाय.

---

रात्रीची_महालक्ष्मी
15 फेब्रुवारी, रात्री 11:15

मी मूळची शाहूपुरीची, आता डोंबिवलीत. मुलगी सातवीतच. मला हे पटलेलं नाही, आणि तुम्ही सगळे टाळ्या वाजवाल म्हणून आधीच लिहून ठेवते.

सकाळी 7:40 ची लोकल पकडते, रात्री आठला घरी. नवऱ्याचंही तेच. मुलगी दुपारभर एकटी. तिला विचारलं, गृहपाठ काय? उत्तर ठरलेलं: 'नाहीये'. सप्टेंबरात गणिताच्या तीन घटकांच्या वह्या कोऱ्या निघाल्या, तेही ग्रुपवर दुसऱ्या आईनं वहीचा फोटो टाकला म्हणून कळलं. तो ग्रुप म्हणजे मला शाळेत डोकवायची एकच खिडकी आहे. ती बंद करून 'मूल जबाबदार होईल' म्हणणं सोपं आहे, पण दुपारी घरात कुणीतरी मोठं माणूस आहे हे तुमच्या बाईंनी धरूनच चाललंय. सगळ्यांच्या घरात आजी नसते.

---

दुपारचा_डबा
15 फेब्रुवारी, रात्री 11:32

महालक्ष्मी, अगदी हेच आज एक ताई सभेत बोलल्या. त्या गांधीनगरला कापडाच्या दुकानात कामाला आहेत, नऊ वाजता घरी येतात. बाई म्हणाल्या, ज्यांना अडचण आहे त्यांनी मला एकटीला भेटा, त्यांचं वेगळं बघू. सगळ्यांसमोर हात वर करून 'मला अडचण आहे' कोण म्हणणार, हे मात्र बाईंच्या लक्षात आलं नाही.

---

खडू_फळा
16 फेब्रुवारी, सकाळी 7:05

करवीर तालुक्यात एकोणतीस वर्षं शिकवलं, गेल्या वर्षी निवृत्त झालो. उच्च प्राथमिकलाच बहुतेक नोकरी झाली. दोन्ही बाजू बघितल्यात, म्हणून जरा सविस्तर.

ग्रुपवर गृहपाठ टाकायची सवय कोरोनात लागली. तेव्हा इलाज नव्हता. शाळा उघडल्या, पण ती सवय काही सुटली नाही. परिणाम काय झाला ते वर्गात उभं राहिलेल्यालाच दिसतं. आपण फळ्यावर गृहपाठ लिहितो आणि चाळीसातली पंचवीस पोरं पेनाला हात लावत नाहीत. का? 'संध्याकाळी येतंय की मम्मीच्या मोबाईलवर.' पोरगं बारा वर्षांचं, समोर फळा, हातात पेन, आणि तेच वाक्य शाळेतून टॉवरवर, टॉवरवरून आईकडं, आईकडून पुन्हा त्याच्याकडं. एवढा वळसा घालून गृहपाठ घरी पोचतो.

महालक्ष्मीताईंचं म्हणणंही खोटं नाही. मी स्वतः वर्गात एक गोष्ट करायचो. शेवटच्या तासाची पाच मिनिटं फक्त डायरी लिहायला, आणि शेजाऱ्यानं शेजाऱ्याची डायरी बघून कोपऱ्यात स्वतःचं आद्याक्षर टाकायचं. शेजाऱ्याचं अक्षर नसेल तर दोघांनाही उद्या पहिल्या बाकावर. शिक्षा म्हणून नव्हे, माझ्या डोळ्यांसमोर म्हणून. ज्यांचे आईबाप उशिरा येतात त्यांना नुसती डायरी उघडून आद्याक्षर आहे का तेवढं बघितलं की पुरतं. तुमच्या शाळेला हे सुचवून बघा.

आता परीक्षांचं. सभेत बाई बोलल्या असतील, पण पालक अर्धं ऐकतात, म्हणून पुन्हा सांगतो. पोरगं आठवीत जातंय म्हणजे 'आठवीपर्यंत नापास करत नाहीत' हा समज डोक्यातून काढा. 2023-24 पासून राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. आठवीला विषयाला 60 गुण, पास व्हायला 21. पाचवीला 50 पैकी 18. राहिला तर जादा मार्गदर्शन आणि निकालापासून दोन महिन्यांत फेरपरीक्षा. तीही गेली तर त्याच वर्गात. शाळेतून मात्र काढता येत नाही. सहावी-सातवीला हे नाही, म्हणून सातवीत कुणी अंगाला लावून घेत नाही आणि आठवीच्या फेब्रुवारीत आमच्याकडं धावतात.

भाषेचं: संयुक्त म्हणजे निम्मं हिंदी, निम्मं संस्कृत. पालक एकाच कारणानं संस्कृत घेतात, गुण मिळतात म्हणून. मिळतात, खोटं नाही. पण आठवीला जे धरलं ते दहावीच्या गुणपत्रिकेपर्यंत चालतं. तीन वर्षं रूपं पाठ करणारं पोरगं तुमचं आहे का, हे त्याला विचारा. शेजारच्या काकूंना नको.

आणि एक बारीक पण महत्त्वाचं. शाळेच्या जनरल रजिस्टरला पोराचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख कशी लिहिलीय ते आत्ताच ऑफिसात जाऊन डोळ्यांनी बघा. आधारवर एक, दाखल्यावर एक असं निघालं तर पोरगं शाळेत असेपर्यंत दुरुस्ती होते. दाखला हातात पडल्यावर चपला झिजतात.

---

गुऱ्हाळ_काठ
16 फेब्रुवारी, दुपारी 1:50

गुरुजी, ते शेजाऱ्याच्या सहीचं लई आवडलं. आमच्या गावातल्या शाळेत सांगतो. मी शाळा व्यवस्थापन समितीत हाय. समितीत शंभरातले पंच्याहत्तर पालक पाहिजेत असा कायदाच हाय, पण बैठकीला येतोय कोण? मी आणि हेडमास्तर, आणि चहावाला.

आमच्याकडं फेब्रुवारी-मार्च म्हटलं की वेगळंच असतंय. कारखाना बंद व्हायला आला की ऊसतोडीची माणसं बीडकडं परत निघतात. माझ्या पोरीच्या बाकावर दिवाळीपासून एक पोरगी बसते, तिकडचीच. अक्षर असं की छापल्यासारखं. परवा पोरगी रडत आली, 'ती आता जाणार.' परीक्षा एप्रिलात, आणि फड संपला की बैलगाडीबरोबर पोरगीबी चालली. बाईंनी तिला शिक्षण हमी कार्ड करून दिलंय, तिकडच्या शाळेत दाखवायला. आमच्या पोरीनं कार्डाबरोबर स्वतःची मराठीची वही दिली, अख्खी. आता ही परीक्षेला कशावर अभ्यास करणार? विचारलं तर म्हणते, 'मला येतंय सगळं.' रागावू का काय करू, कळेना झालंय.

दांडी मारू नका हे ज्यांना सांगायचं त्यांना सांगा. काहींचं पोट दांडी मारतंय.

---

सायबर_चौक
16 फेब्रुवारी, दुपारी 2:30

गुऱ्हाळ दादा, शेवटचं वाक्य एक नंबर.

---

गुऱ्हाळ_काठ
16 फेब्रुवारी, दुपारी 2:44

दादा न्हाई, ताई. कोल्हापुरातल्या बायका 'मी आलो, मी गेलो'च म्हणतात, नवीन हाय काय तुम्ही इथं?

---

सायबर_चौक
16 फेब्रुवारी, दुपारी 2:51

माफी असावी ताई. नोकरीनिमित्त चार वर्षं झाली इथं येऊन, मूळ गाव नगर. ऑफिसातल्या मॅडम पहिल्या दिवशी 'मी जेवून आलो' म्हणाल्या तेव्हा मी मागं वळून बघितलं होतं. तरी अजून शिकलो नाही.

मोपेडबद्दल लिहायला आलो होतो. माझा मुलगा आठवीत. वर्गातले सात-आठ जण गाडीवर क्लासला येतात. सोळाच्या आत कुठलीच गाडी चालवता येत नाही, आणि सोळानंतरसुद्धा फक्त बिनगिअरची, 50 सीसीपर्यंतची, तीही लायसन काढून. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम 199ए आलं. पोरानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक जबाबदार, 25,000 दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. वर पोराला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. हे सांगितलं की लोक म्हणतात, 'गल्लीतल्या गल्लीत चालवतोय.' गल्ली राजारामपुरीपर्यंत येते का?

अडचण काय ते पण मला माहीत आहे. घर फुलेवाडीत, क्लास राजारामपुरीत, केएमटीची बस वेळेवर नाही. आम्ही सायकल घेतली. एक महिना मुलगा माझ्याशी बोलत नव्हता.

---

पेठेतला_गोली
17 फेब्रुवारी, सकाळी 8:12

नमस्कार. पप्पा आंघोळीला गेलेत आणि मोबाईल उघडा आहे. मी त्यांची मुलगी, इयत्ता सहावी. मी सगळा धागा वाचला. सगळे आईबाबांकडून काय पाहिजे ते लिहितात, पण आम्हाला कोण विचारत नाही, म्हणून लिहिते.

1) पेपर सुटल्यावर गेटवरच 'कसा गेला' विचारू नका. आधी पाणी द्या.
2) दुसरीच्या आईला माझे मार्क सांगू नका. तिची मुलगी मला येऊन सांगते.
3) माझ्या डायरीत शिक्षक मला लिहितात. ते आधी मी वाचणार.
4) मॅच असली की अभ्यास होत नाही हे खोटं आहे. मॅच नसली तरी होत नाही.
5) प्रोजेक्ट मला करू द्या. मागच्या वेळी पप्पांनी ज्वालामुखी केला आणि तो घरातच फुटला.

पप्पा आले.

---

पेठेतला_गोली
17 फेब्रुवारी, सकाळी 8:40

पासवर्ड बदललाय.

ज्वालामुखीचं खरं आहे. सोड्यात व्हिनेगर जास्त झालं. छताला अजून डाग हाय.

---

रात्रीची_महालक्ष्मी
17 फेब्रुवारी, रात्री 9:30

क्रमांक 3 वाचून गप्प बसले. मी लेकीची डायरी तिच्या आधी वाचते. रोज. ती बाथरूममध्ये असताना.

गुरुजी, आद्याक्षराचं मी आमच्या इथल्या मॅडमना लिहून पाठवलं. त्यांचं उत्तर आलं, 'बघू.' मुंबईत 'बघू' म्हणजे नाही.

---

खडू_फळा
17 फेब्रुवारी, रात्री 10:02

कोल्हापुरात पण.

---

दुपारचा_डबा
8 मार्च, दुपारी 3:15

पहिल्या आठवड्याचा वृत्तांत.

सोमवारी लेक आला, डायरी कोरी. 'गृहपाठ नाही' म्हणाला. मी ग्रुप उघडला, ग्रुपवर शुकशुकाट. मग रात्री साडेआठला एका आईचा मेसेज, 'कुणाला माहितेय का गृहपाठ?' पाठोपाठ तेरा जणी, 'आम्हाला पण सांगा.' म्हणजे बाईंनी टाकायचं बंद केलं आणि आम्ही एकमेकींकडून गोळा करायला लागलो. मीसुद्धा. खोटं कशाला सांगू.

मंगळवारी तो गणिताची वही विसरला. मी गाडी काढली, दारापर्यंत गेले आणि परत आत आले. पुन्हा बाहेर. शेजारच्या आजी कट्ट्यावर बसून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "काय गं, रांगोळी विसरलीस काय?" शेवटी गेलेच नाही. संध्याकाळी लेक आला, काही बोलला नाही, मीही विचारलं नाही. जेवताना म्हणाला, "अथर्वच्या वहीत शेवटून लिहिलं. आता त्यातून फाडून आणायचंय." एवढंच.

शाळेच्या गेटवर मात्र गर्दी आहे तशीच. गुरुवारी मी दुसऱ्या कामासाठी तिकडून गेले. वॉचमनकाका गेटला पाठ लावून उभे, आणि बाजूच्या गजांतून एक बाबा गुंडाळलेला चार्ट पेपर आत सरकवताहेत. आतून एक छोटा हात. चार्ट मधेच अडकला, बाबा ढकलताहेत, पोरगा ओढतोय. फाटला. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. वॉचमनकाका समोरच्या झाडाकडं बघत राहिले.

भाषेचा फॉर्म भरला. लेकानं पूर्ण हिंदी सांगितलं. नवरा म्हणत होता संस्कृत. लेकाला कारण विचारलं तर म्हणाला, "हिंदीच्या सरांना जोक येतात." घ्या आता. भरून टाकलं.

---

गुऱ्हाळ_काठ
9 मार्च, सकाळी 11:20

ताई, गाडी आत घेतली ते बरं केलं. ती बीडची पोरगी गेली काल. आमची सकाळी तिला सोडायला फडावर गेली होती. शाळा बुडवली. बुडवू दिली.

गुरुजी रागावू नका.

---

खडू_फळा
9 मार्च, सकाळी 11:45

रागावत नाही. शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं तेव्हा पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता. त्या काळचा रुपया म्हणजे चेष्टा नव्हती. पण तुमच्या पोरीला कुणी दंड लावला असता तर तो मीच भरला असता.

---

सायबर_चौक
20 मार्च, संध्याकाळी 6:10

वेळापत्रक बघितलं का? यंदा राज्यभर एकच केलंय, पहिली ते नववी, 8 ते 25 एप्रिल. आमच्याकडं आजवर एप्रिलच्या मध्याला सगळं आटपायचं. नगरची तिकिटं 18 ची काढली होती, रद्द केली. मुलगा रंगपंचमीच्या रंगासकट तसाच बसून होता काल, त्यात हे ऐकलं. तोंड हिरवं होतं म्हणून राग किती आला ते कळलं नाही.

---

खडू_फळा
20 मार्च, संध्याकाळी 7:00

पोरांचं सोडा, शिक्षकांचं बघा. 25 ला शेवटचा पेपर, 1 मेला निकाल. मधल्या चार-पाच दिवसांत तपासणी, गुण भरणं, प्रगतीपुस्तकं. त्यात घराघरात फिरून पट वाढवायचा, कारण पाडवा आला. जरगनगरच्या महापालिका शाळेसारखं प्रत्येक ठिकाणी पालक प्रवेशाला रांग लावत नाहीत. खेड्यात आम्हालाच दारोदार जावं लागतं.

उन्हाचा प्रश्न आहेच. एप्रिलच्या मध्याला पत्र्याच्या वर्गात दुपारी पेपर म्हणजे पोरांची चटणी.

---

पेठेतला_गोली
29 मार्च, रात्री 9:18

सकाळच्या शाळेचं पत्र निघालं. प्राथमिक 7 ते 11:15, माध्यमिक 7 ते 11:45. म्हणजे आता सहाला डबा. बायको म्हणाली, 'तू करतोस ना?' पाडव्याच्या आदल्या दिवशी हे विचारायचं असतंय काय.

12 एप्रिलला जोतिबाची यात्रा पण मधेच आलीय. आमच्या घरातून दरवर्षी सगळे डोंगरावर. यंदा पोरगीला विचारलं. ती म्हणाली, 'शनिवारी यात्रा आणि सोमवारी आंबेडकर जयंतीची सुट्टी आहे. मी शनिवारी येणार, रविवारी अभ्यास करणार, तुम्ही टेन्शन घेऊ नका.' वेळापत्रक तिनं स्वतः कपाटाला चिकटवलंय. गुलालाच्या दिवशी लाल पेनानं 'चांगभलं' लिहिलंय.

---

रात्रीची_महालक्ष्मी
4 एप्रिल, रात्री 11:50

एक कबुली. पंधरा दिवस डायरी वाचली नाही. परवा लेकीनं स्वतःहून समोर आणून ठेवली. आत इंग्रजीच्या मॅडमचा शेरा होता, गृहपाठ तीनदा अपूर्ण. ती म्हणाली, "तू ओरडायच्या आधी सांगते, दोन पूर्ण केलेत, एक राहिलाय." मी ओरडले नाही. आतून केवढं ओरडावंसं वाटलं होतं ते माझं मला माहीत.

ग्रुप मात्र मी सोडलेला नाही. तेवढी खिडकी राहू द्या.

---

सायबर_चौक
2 मे, सकाळी 9:25

आठवीचा निकाल काल लागला. पास. गणितात 60 पैकी 24. 21 च्या वर तीन. त्याला बोललो नाही काही, सायकलची चेन बदलून आणली.

नवीन पुस्तकांत यंदा नोंदी लिहायची कोरी पानं नसणार, म्हणजे मधली दोन वर्षं जी चार भागांची पुस्तकं होती ती बंद. धाकटा सहावीत जाणार. त्याच्यासाठी वह्या वेगळ्या घ्याव्या लागतील, दप्तर परत जड. कुणाकडं चौकटीच्या वह्यांचा होलसेलवाला आहे का शहरात?

---

गुऱ्हाळ_काठ
2 मे, दुपारी 12:40

लक्ष्मीपुरीत बघा. डझनावर घेतल्या तर कमी करतात.

आमच्या पोरीला मराठीत सगळ्यात जास्त पडले. वही नसताना. विचारलं तर म्हणते, 'लिहून दिलेलं डोक्यात राहतंय, आई.' ती वही बीडला हाय, आणि आता तिकडनं फोन येतोय, 'पुढच्या धड्याचं पण पाठव.' शाळा जूनला उघडणार म्हटलं, धीर धरा जरा.

---

दुपारचा_डबा
26 मे, रात्री 8:45

धागा थंडावलाय, तरी एक राहिलेलं लिहिते.

लेक पास झाला, सगळं नीट. काल सुट्टीचं म्हणून पन्हाळ्याला गेलो. पाऊस इतका लवकर आला की वर गेल्यावर चार हातांवरचं दिसेना. लेक पुढं, आम्ही छत्री सावरत मागं. तीन दरवाजापाशी थांबला, कमानीला हात लावून बघितला आणि म्हणाला, "तू ही जरा बारकी केलीस." मी म्हटलं, रात्रीचे दोन वाजत आले होते रे.

मग अंबारखान्यापाशी, म्हणजे धान्याच्या जुन्या कोठारांपाशी गेलो. आत अंधार, पाण्याचा वास, भिंतींतून गळती. हा एका कोठारातून दुसऱ्यात, तिथून बाहेर, पुन्हा आत. मी पायरीवर बसून राहिले. दहा मिनिटांनी भिजलेला बाहेर आला, तीन बोटं माझ्या तोंडासमोर धरून.

"गंगा, यमुना, सरस्वती. तीन आहेत. तू दोनच केलेलीस."